पहिलवानांचं रक्त

(नाशिक, १९८३. थंडीचे दिवस. भद्रकालीतल्या एका तालमीचं दार.)

कादर वस्ताद : पायातल्या वहाणा काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, बाई. माझा बाप आला तरी त्याला हाच कायदा.

भिमाबाई : आणि माझ्या डॉक्टरांचा कायदा असा, की घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. साधा काटा टोचला तरी मला आठ-आठ दिवस ताप चढतो. तुमचा कायदा मोडायचा नाही, डॉक्टरांचाही नाही. मी आपली बाहेरच थांबते.

कादर वस्ताद : किती वेळ उभ्या राहाल?

भिमाबाई : स्टूल दिलंत तर बसेन. हल्ली चार पावलं चालले की धाप लागते.

कादर वस्ताद : हे घ्या, बसा. बोला आता. भावाची तक्रार की पोराची? बायका इथं येतात त्या तक्रार घेऊनच. आमचं पोरगं घरातलं सगळं दूध एकटं पितं म्हणून.

भिमाबाई : तक्रार नाही, मागणं आहे. मी भिमाबाई गांगुर्डे. मखमलाबादच्या शाळेत शिक्षिका आहे. मला रक्त हवंय, वस्ताद.

कादर वस्ताद : काय हवंय?

भिमाबाई : रक्त. तुमच्या पहिलवानांचं.

कादर वस्ताद : या अल्ला! बाई, बदाम मागा, तूप मागा, एखाद्याला दोन मुस्काटात मारून हव्यात तर तेही सांगा. रक्त कसलं मागता?

भिमाबाई : मला रक्ताचा कॅन्सर आहे. मुंबईला जाऊन औषध घेते. ते औषध वाईट रक्त मारतं, पण चांगलंही मारतं. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. मग इथं येऊन बाहेरचं रक्त भरावं लागतं, तेव्हा कुठं पुढची खेप झेपते.

कादर वस्ताद : हां... म्हणून चेहरा असा पांढरा. मला वाटलं, पावडर लावली.

भिमाबाई : पावडरचे पैसे वाचतात, हा एवढा एक फायदा.

कादर वस्ताद : हसता काय, बाई! अशा आजारात माणूस रडतो.

भिमाबाई : रडून झालं गेल्या वर्षी. आता कामाचं बोलू. सिव्हिलमध्ये कोणीतरी एक बाटली दिली, की बदल्यात मला माझ्या गटाची मिळते. आजवर नवऱ्यानं दिलं, दिरानं दिलं, शाळेतल्या दोघांनी दिलं. आता माणसं संपली. अख्ख्या नाशकात ठणठणीत रक्त कुठं असेल, असा विचार केला आणि तुमचा पत्ता विचारत आले.

कादर वस्ताद : पत्ता बरोबर, वेळ चूक. सटाण्याची यात्रा आलीय. तिथल्या कुस्त्यांच्या दंगलीत माझा एक पठ्ठ्या मोठ्या जोडीला उभा राहणार. थेंब गेला तर ताकद गेली. यात्रा झाल्यावर या.

भिमाबाई : मला परवा हवंय, वस्ताद. रक्त भरलं नाही तर मुंबईचं औषध चुकेल. औषध चुकलं तर यात्रेनंतर मी नाही, माझा नवरा येईल. तोही बातमी सांगायला.

कादर वस्ताद : असं बोलू नका.

भिमाबाई : खरं तेच बोलते. आणि थेंब गेला की ताकद गेली, हे कोणी सांगितलं? अंगात नवं रक्त तयार होतं. तुमची यात्रा तर अजून लांब आहे. नीट खाल्लं-प्यायलं की तोवर बरंचसं भरून निघतं. डॉक्टरांनाच विचारा.

कादर वस्ताद : डॉक्टर कधी कुस्ती खेळलेत?

भिमाबाई : आणि तुम्ही कधी रक्त दिलंय?

कादर वस्ताद : ...बाई, तुम्ही शाळेत लय मारत असणार पोरांना.

मल्हारी : वस्ताद, हौदातली माती खणून झाली. तेल ओतू का आता... अरे बाप रे. बाई!

भिमाबाई : कोण? मल्हारी? पिंगळ्यांचा मल्हारी? केवढा झालास रे!

मल्हारी : बाई, तुम्ही लय वाळल्या.

कादर वस्ताद : ओळखतोस? हाच तो, बाई, सटाण्याला जाणारा. माझ्या तालमीचा वाघ.

भिमाबाई : हा? तिसरीत देवी टोचायला माणसं आली, तेव्हा शाळेची भिंत चढून द्राक्षाच्या बागेत पळाला होता तुमचा वाघ. संध्याकाळी त्याच्या आईनं कान धरून आणला.

मल्हारी : बाई, जाऊ द्या ना.

कादर वस्ताद : सुईला घाबरतोस? सहा फुटी माणूस?

मल्हारी : सुई बघितली की पाय आपोआप दाराकडं वळत्यात, वस्ताद. कुस्तीचं निराळं हाय. तिथं समोरचा दिसतो.

भिमाबाई : राहू दे मल्हारी, तुला नाही मागत. वस्तादांचीही ना नाही. फक्त म्हणतात, यात्रेनंतर.

मल्हारी : कशाची ना नाय? काय मागत्यात बाई?

कादर वस्ताद : रक्त. त्यांना कॅन्सर आहे.

मल्हारी : ...कवा द्यायचं?

कादर वस्ताद : मल्हारी, डोकं ठिकाणावर आहे ना?

मल्हारी : वस्ताद, मला लिहा-वाचायला यांनी शिकवलं. दंगलीच्या पत्रिकेत माझं नाव छापतील, ते मला वाचता येतंय ते यांच्यामुळं. परवा ना, बाई? येतो. पण तुम्ही शेजारी थांबायचं.

(दोन दिवसांनी, सिव्हिल हॉस्पिटल. मल्हारी खाटेवर आडवा, पाय खाटेबाहेर.)

मल्हारी : बाई, ती बघा, ती सुई! बैलाला टोचायची हाय का ती?

भिमाबाई : तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. सतराचा पाढा म्हण.

मल्हारी : आत्ता?

भिमाबाई : आत्ता. मोठ्यानं. वस्ताद, तुम्ही भिंतीकडे तोंड करून का उभे?

कादर वस्ताद : भिंतीवरची सूचना वाचतोय.

भिमाबाई : ती भिंत कोरी आहे. चल रे मल्हारी.

मल्हारी : सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचा... सतरा पाचा...

भिमाबाई : पंच्याऐंशी.

मल्हारी : पंच्याऐंशी. सतरा सक... बाई, हे लय अवघड हाय. टोचा एकदाची, पण पाढा नको.

भिमाबाई : टोचून झाली. बाटली भरतेय.

मल्हारी : आं? कवा?

भिमाबाई : तू अडुसष्टला होतास तेव्हा.

कादर वस्ताद : बस, एवढंच? मी समजलो, कोंबडी कापल्यासारखं काही असेल.

मल्हारी : बाई, म्हणजे आता माझं रक्त तुमच्या अंगात खेळणार?

भिमाबाई : नाही रे. तुझा गट वेगळा निघाला. मला दुसऱ्या कोणाचं मिळेल, तुझं दुसऱ्याच कोणाला जाईल. ते कोण, हे तुलाही कळणार नाही आणि त्यालाही.

मल्हारी : मग त्याला सांगा, जपून वापर म्हणावं. दूध-बदामाचं हाय.

कादर वस्ताद : बाई, एक विचारू? हा रोग... शिवाशिवीनं पसरत नाही ना? तालमीत पोरं बोलत होती.

भिमाबाई : बरं झालं विचारलंत. लोक विचारतच नाहीत, नुसते लांब सरकतात. नाही पसरत, वस्ताद. एका ताटात जेवलात तरी नाही. उलट आहे सगळं. तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही, आम्हाला तुमच्यापासून आहे. तुमची साधी सर्दी आम्हाला आडवं करते. मुंबईला माझ्या शेजारच्या खाटेवर सितारा म्हणून एक पोर असते, मालेगावची. विशीतली असेल. हाच आजार. औषधानं सुधारतेय चांगली. पण सासरी तिचा कप वेगळा, ताटली वेगळी, मोरीही वेगळी. मला म्हणाली, भाभी, सुया लागतात त्यापेक्षा तो कप जास्त लागतो.

कादर वस्ताद : मालेगावची? सासऱ्याचं नाव?

भिमाबाई : शौकत. स्वतःचे यंत्रमाग आहेत म्हणाली.

कादर वस्ताद : उंच, डाव्या भुवईवर खोक?

भिमाबाई : मी कुठं पाहिलंय त्यांना?

कादर वस्ताद : ती खोक माझीच देणगी. तरुणपणी आम्ही एका मातीत लढलो. जाऊन येतो त्याच्याकडे.

मल्हारी : वस्ताद, मी उठू का? आता पाढा-बिढा नाय ना काही?

(सटाण्याच्या यात्रेनंतर. भिमाबाईंचं घर.)

भिमाबाई : या वस्ताद. चप्पल असू दे, कामाला येणाऱ्या वत्सलाबाई आत्ताच फरशी पुसून गेल्यात, ओली आहे. हात मात्र साबणानं धुवा. मग सांगा, काय झालं दंगलीत?

कादर वस्ताद : हरला.

भिमाबाई : ...मल्हारी हरला?

कादर वस्ताद : चितपट. सटाण्याच्या चिमाजीनं एक पाय धरून एकेरी पट काढला आणि आमचा वाघ आभाळाकडे बघत पडला.

भिमाबाई : माझ्यामुळे.

कादर वस्ताद : तेच तर सगळे ओरडले. कोणाच्या तोंडून गेलं देव जाणे, पण बातमी आमच्या आधी सटाण्याला पोचलेली. ‘रक्त विकून आला, म्हणून पडला!’ हजार माणसं, बाई. मल्हारी मातीतून उठेना.

भिमाबाई : तरी मी म्हणत होते, दुसरं कोणीतरी पाहते. आता तुमच्या तालमीतला एकही पोरगा पुढे यायचा नाही. आणि त्यांना तरी कुठल्या तोंडानं विचारू?

कादर वस्ताद : आधी ऐका. मी मैदानात गेलो. पंचाच्या हातातला माईक घेतला. म्हटलं, माझा पोरगा डावा पाय पुढं उघडा टाकतो. तीन वर्षं सांगतोय, ऐकत नाही. आज चिमाजीला तो पाय दिसला, त्यानं तो पकडला. शाबास चिमाजी! यात रक्ताचा काही संबंध नाही. आणि विकलं म्हणणाऱ्यानं पुढं येऊन माझ्याशी हात मिळवावा.

भिमाबाई : आलं कोणी?

कादर वस्ताद : माझे हात बघा. कोण येणार? मग म्हटलं, ह्या पोरानं रक्त दिलं ते त्याला शिकवणाऱ्या बाईंसाठी. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. उद्या मी देणार. वस्ताद एवढं बोलला, आता ज्याला पटेल त्यानं यावं.

भिमाबाई : आणि दिलंत?

कादर वस्ताद : काल सकाळी. ही बघा पट्टी. बायको म्हणते, काढ आता. म्हटलं, दोन दिवस राहू दे, भद्रकालीत सगळ्यांना दिसू दे.

भिमाबाई : भीती वाटली?

कादर वस्ताद : पाढा येत नाही मला, बाई. कलमा म्हणत पडलो.

भिमाबाई : वस्ताद...

कादर वस्ताद : अहो, डोळे पुसा. अजून मालेगाव राहिलंय. शौकतच्या घरी गेलो. म्हटलं, सुनेच्या हातचा चहा पाजव. चहा आला. मी म्हटलं, हा कप नको, तिचा कप आणा. पोरीनं कोपऱ्यातून कप आणला, मी त्याच्यातून प्यायलो. शौकतकडे बघत बघत प्यायलो. तो खाली बघायला लागला.

भिमाबाई : नंतर तो कप उकळत्या पाण्यातून काढायला सांगितलंत ना?

कादर वस्ताद : घ्या! मी एवढा बहादुरीचा किस्सा सांगतोय आणि ह्यांना कप धुतला का त्याची पडलीय.

भिमाबाई : अहो, जीव तिचा आहे! तुमचा जंतू तिला लागला तर?

कादर वस्ताद : धुतला, धुतला. शौकतच्या बायकोनं स्वतः धुतला आणि घरातल्या कपांत ठेवला. पोरगी सलाम सांगत होती तुम्हाला.

भिमाबाई : हे ऐकून तर निम्मं दुखणं गेलं. पण मल्हारी कुठाय? माझ्यावर रागावलाय का?

कादर वस्ताद : रागावतो कशाला? माझ्याबरोबरच आलाय. बाहेर उभा आहे, आत यायला तयार नाही.

भिमाबाई : मल्हारी! अरे, आत ये. हरलास म्हणून काय तोंड लपवतोस?

मल्हारी : त्याच्यासाठी नाय, बाई. नाक गळतंय माझं दोन दिवस. हितं खिडकीपाशी बरा हाय.

भिमाबाई : बरं, तिथून बोल. लागलं का रे फार?

मल्हारी : पाठीला नाय लागलं. लोक बोलले ते लागलं. पण चिमाजी भला माणूस हाय. रात्री बिऱ्हाडावर आला, म्हणाला, बाई कोण ते सांग, मीबी येतो. त्याच्या आईला बाळंतपणात रक्त मिळालं नव्हतं.

भिमाबाई : असं म्हणाला?

मल्हारी : व्हय. तुम्ही मुंबईला कवा जाणार परत?

भिमाबाई : उद्या सकाळच्या गाडीनं.

मल्हारी : आल्यावर लागंल?

भिमाबाई : लागेल. पुढेही लागत राहील बहुतेक. किती वेळा, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

मल्हारी : माझं लगेच घेत नाय, दोन-तीन महिने थांब म्हणत्यात. तवर चिमाजी हाय, आमच्या तालमीतला मंगळू हाय, त्याच्यामागं सहादू. सगळ्यांच्या पाळ्या ठरल्यात, भांडणबिंडण नाय. गट-बिट तिकडं डॉक्टर बघतील.

भिमाबाई : अरे, एवढं सगळं माझ्यासाठी?

मल्हारी : तुम्ही नुसत्या येत राहा, बाई.