सात नंबरचे बूट

तुम्ही हसाल, पण मला नोकरी लागली ती चावणाऱ्या बुटांमुळे.

इंटरव्ह्यूसाठी डोंबिवलीत काळे बूट घ्यायला गेलेलो. दुकानातले काका वडिलांच्या वयाचे. त्यांनी खाली बसून माझा पाय हातात घेतला आणि मी इतका अवघडलो, की बोटं दाबली जात असूनही म्हणालो, "बरोबर बसतोय, काका."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला इंटरव्ह्यूसाठी लंगडतच आत गेलो. नोकरी होती बुटांच्याच दुकानात, सेल्समनची.

मालकांनी विचारलं, "पायाला लागलंय का रे?"

"नाही सर, बूट घट्ट आहेत."

"मग घेतलेस कशाला?"

"वडीलधारा माणूस पायाशी बसलेला. त्यांना परत उठवून दुसरा जोड आणा कसं सांगू?"

आधीच शाळा नववीत सोडलेली, त्यात हे. संपलं, असं समजून मी उठलो. तर मालक स्वतःच खाली बसले. मी पाय मागे घेतला.

"पुढे कर, येड्या," म्हणाले आणि मोजला. "आठ नंबर आहे तुझा. सोमवारपासून ये."

आता पायाशी मी बसतो. एखादा लाजरा मुलगा बुटाकडे न बघताच "बरोबर बसतोय, दादा" म्हणाला, की काही न विचारता एक नंबर मोठा जोड घेऊन येतो.