काळं जावळ

कुलूप हाय तिकडं, ताई, कडी वाजवून काय उपेग न्हाई — मी आपली आवाज ऐकून आले, आमची भिंत एकच न्हवं का, बनुबाईच्या दाराची कडी मला माझ्या चुलीम्होरं बसून कळती. या, हितं सोप्यात बसा. तुमी पुण्याच्या घोंगडीवाल्या न्हवं? — ती तसंच म्हणती तुमाला, तुमचं नाव काय तिच्या जिभंवर बसंना. मेंढ्या घिऊन टेकावर गेलीया. तुमी चारला येणार म्हणालावता, साडेतीनला माघारी येते म्हणली, तर तुमीच आदी आलाय. अंगण बघितलंसा? सकाळी सारवलंय. दिवाळीला बी सारवलं न्हवतं तिनं. चहा टाकते, नगं म्हणू नका.

तोच का तो तुकडा? बघू — व्हय, हेच ते, गेल्या साली सिद्धूआप्पानं मागावर इणून कुणाच्या तरी हाती पुण्याला धाडल्यालं. हात फिरवून बघा, टोचतंय का? न्हाईच टोचणार, जावळ हाय त्ये. कोकराची पयली कातरण. आपुन लेकराचं जावळ काढतो तसंच, एकडावच मिळतं, पुन्यांदा त्या मेंढीच्या अंगावर तशी लोकर येत न्हाई. आन रंग बी दिल्याला न्हाई, जल्माचा काळा. बनुबाईचा नवरा गेला तवापासनं ह्या नऊ काळ्या मेंढ्या आन एक मेंढा, काळ्याच म्हणायची त्याला, एवढाच तिचा परपंच. आजूबाजूच्या गावांत सगळ्यांनी माडग्याळी मेंढरं केली — ती जतंकडची हो, पांढरी, तांबड्या ठिपक्याची, पोपटावाणी नाक, लांब कान. वजन लय भरतं. पर अंगावर नुसता केस, लोकर न्हाई. बनुबाई म्हणायची, वजन मला काय करायचंय, मी कातते. आन कातून करायची काय? घ्यायला कोण हाय? वरीसभराची कातरण बांधाला टाकून द्यायची, पावसात कुजायची. मला बघवायचं न्हाई, ताई. मी तोंडावर बोलायची, बनुबाई, तुज्या मेंढ्यांना तू पोसतीस का त्या तुला?

मेंढा?

मेंढा न्हाई आता. साखर कमी झाली का वो, आणू?

न्हाई, मेला न्हाई. इकला तिनं. आखाडात. रमजानभाईंची गाडी येती मेंढरं न्यायला, तिच्यात घातला. ते सुद्दा म्हणले, मावशी, असला काळा नर आता हुडकून गावायचा न्हाई, ठेवा. तिनं ऐकलं न्हाई. जेठात कोकरं झाली ती सगळी ठिपक्याची, लांब कानाची. सात मेंढ्या याल्या, सातबी तशीच. बनुबाई गोठ्यात खाली बसली. म्हणली, अक्का, ह्या काळ्याच्या रक्तातच कायतरी भेसळ निघाली, म्हातारपणी दगा दिला त्यानं. महिनाभर त्याच्या अंगावरनं हात फिरवला न्हाई तिनं, आन मग ती गाडी. आन बघा नशीब, भादव्यात तुमचा फोन. असलंच जावळ पायजे, दर सालाला घिऊ म्हणून. फोन ठिवला आन माझ्या गळ्यात पडली, ताई, पन्नाशीची बाई — अक्का, माझी लोकर पुण्याला चालली म्हणली.

आता दिवाळीनंतर त्या ठिपक्याच्या कोकरांचं कातरलं तिनं, काय निघतंय बघावं म्हणून. टोपलीभर निघालं. चरख्यावर धरलं तर सूतच धरंना, तुटून तुटून पडतंय. सिद्धूआप्पाकडं घिऊन गेली, मी हुते संगं. त्येनं चिमटीत घिऊन चोळलं, फुकलं, आन टोपली माघारी सारली. "ह्यो केस हाय, बनुबाई. ह्याला माग काय करंल?" घरला आल्यावर मला म्हणली, पुण्याच्या ताईंना कोकरं दावायची कशी. मी म्हणलं, मोठ्या मेंढ्या दाव की, त्या काळ्याच हायत्या.

तुमचं बराबर हाय, मोठ्या मेंढीची लोकर टोचती. दुसरा काळा नर? हिंडली की ती. औंधाकडं जाऊन आली, पार पलूसपतोर बहिणीच्या गावाला बी इचारलं. सगळीकडं माडग्याळी. ज्याच्याकडं एखादा काळा हुता त्यानं आदीच काढला.

न्हाई वो, माडग्याळी आमच्या आळीत कुणाचा न्हवता. म्हंजी — आमच्या जावयाचा हुता. मानसिंग, आमच्या शिवांजलीचा नवरा, जतंकडंचा. पौषात यमाईच्या जत्रंला मेंढा मिरवाया आणला आन त्याचा खूर सुजला, मग तीन आठवडं माझ्याच गोठ्यात ऱ्हायला. पर फडकं हुतं की त्याला. पोटाखालनं फडकं बांधत्यात न्हवं, ते आसलं की मेंढा मेंढीवर गेला तरी काय हुईत न्हाई. बनुबाईनं स्वता बघून गाठ मारली हुती जाताना. डोळ्याचं आपरेशन हुतं तिचं, तवा बहिणीकडं ऱ्हायली ती, तेच तीन आठवडं. मेंढ्या माझ्या हवाली. आल्यावर तिनं इचारलं बी, "अक्का, फडकं जागंवर हुतं न्हवं?" मी म्हणलं, व्हय. तिनं पुन्यांदा इचारलं न्हाई. माझ्या शबदाव तिचा एवढा भरवसा, की काळ्या खोटा ठरला पर मी न्हाई.

आता सुटतं कवातरी फडकं. जनावर हाय, वढतं, घासतं. आन काळ्या तरी कुठं मोकळा हुता, त्याला मी खुट्याला बांधून —

ते चहा पिऊन घ्या. साय धरली बघा.

मी वाईट केलं आसं तुमाला वाटंल. मी म्हणलं, म्हातारी व्हायला लागलीया, डोळा गेलाय, कातणार किती दिस? जाडजूड कोकरं झाली म्हंजी बाजारात हातोहात जातील, मग म्हणंल, अक्का, लय चांगलं झालं. तवा सांगणार हुते मी हसत हसत. गाठ लय घट मारल्याली, दातानं सोडवावी लागली मला. तीन आठवडं रोज दुपारचं सोडायची, सांजंला पुन्ना बांधायची, तशीच गाठ. तवा तुमचा फोन कुठं आलावता? लोकर तवा बांधाला पडत हुती, ताई. तुमी एक वरीस आदी आला असता तर —

नगं. तुमी सांगायचं न्हाई तिला. मी सांगू? कसं सांगू? काळ्या गाडीत चढंना, तवा त्याचा मागला पाय उचलून आत ढकलाया मीच हात लावला हुता. ती म्हणली, अक्का, तू हायस म्हणून. आता हे सांगितलं तर तिला मेंढा गावतोय का? जावळ गावतंय? मग नुसतं माझं तेवढं जाईल, भिंतीपल्याडचं माणूस. आन तिचं बी.

ती बघा, टेकावर. पांढरं म्होरं पळतंय ना, ती कोकरं. मागं काळ्या. नवं लुगडं नेसलीया बघा, तुमच्यासाठी.

तुमी निगा, ताई. न्हाई, तिकडनं न्हाई, त्या वाटंनं ती यील, माझ्या मागल्या दारानं जावा, वड्याकडंनं फाट्यावर निघाल, सव्वाचारची एस्टी हाय. तो तुकडा घिऊन जावा संगं, हितं ठिवू नका. तिला मी सांगते, वाट बघितली, पर कुणी आलं न्हाई.

दार वढून घ्या जाताना. कडी वाजवू नका.