दोन हिरवे देठ

तानू : टोपल्यात पाच संत्री हायेत. तिघाचे देठ काळे, नखानं दाबले तर मोडतात. दोघाचे हिरवे हायेत, एकाले तर पान चिकटून हाय. हे दोन मी नाई ठेवले, आत्याबाई.

पार्बताबाई : मंग उंदरानं ठेवले असतीन. पहिले पाय धू. दुपारी येतो म्हनून सून गेली अन् दिवस कलला, तरी मी काई इचारलं काय?

तानू : उंदीर नेते. आनून नाई ठेवत.

पार्बताबाई : बरं, मी ठेवले. मंगळवारी. दोन सडले होते तुहे, सारं माजघर वास मारून राहिलं होतं. ते फेकले अन् झाडाचे दोन तोडून टाकले. घरात नव्वद झाडं संत्र्याचे, दोन संत्र्याचं येवढं काय घेऊन बसली?

तानू : त्या दोघामुळं आज लॉरी धरली.

पार्बताबाई : संत्र्यानं कधी लॉरी धरली जाते काय वं?

तानू : तुमाले सांगतलं नाई मी. जाताना गाडीत आपला माल असते. मालवालीले डायवरच्या बाजूले बसता येते, कोनी काई म्हनत नाई. येताना गाडी खाली. खाली गाडीत बाई दिसली की ते सवारी झाली, अन् मालाच्या गाडीत सवारी चालत नाई. म्हनून हे टोपलं. पाच का होईना, माल हाय. मी मालवाली.

पार्बताबाई : माहीत हाय मले.

तानू : काय माहीत हाय?

पार्बताबाई : दिवाळीपासून तेच टोपलं बडनेऱ्याले जाते अन् तेच वापस येते. इकाचं असतं तर एखाद दिवस तरी इकलं गेलं असतं. मी म्हातारी झाली, आंधळी नाई झाली. अमरावतीहून सर्विस मोटर येते मोर्शीले, गादीची सीट असते तिच्यात. तुले लॉरीच्या फळीवरच बसाचं रायते. मंग म्हटलं, टोपलं तरी धड असू दे पोरीचं. सडकं कावून न्यावं?

तानू : सडकं नाई, वाळकं. ते वाळूच देत होतो आमी. रस्त्यावर गाड्या तपासते त्या साहेबानं मागं दोनदा धरलं तवा मी त्याले सांगतलं होतं, हा वैद्याचा माल हाय, साल औषधाले लागते, वाळवूनच नेतात. त्यानं हुंगून पाह्यलं अन् सोडलं. आज त्याच टोपल्यात दोन ताजे, पानासकट. तो म्हने, औषध कोणतं आणि फराळ कोणता, ते एकदा सांगा.

पार्बताबाई : म्हंजे मीच धरून देल्ली तुमाले.

तानू : तुमी काई मुद्दाम केलं काय.

पार्बताबाई : कुठं हाय तो डायवर? इहिरीजवळच उभा असन. तीन वर्स झाले, तिच्या पुढं पाय नाई टाकला त्यानं. बोलाव त्याले.

तानू : नको, आत्याबाई. आज नको.

पार्बताबाई : खुशालराव! ये गा इकडं. गाडीची भट्टी इझत नाई तुही तेवढ्यात.

(खुशालराव येतो. हात कोपरापर्यंत कोळशानं काळे. ओट्याच्या खालीच बसतो.)

खुशालराव : रामराम, माय. हात खराब हायेत, वरतं नाई येत.

पार्बताबाई : राहू दे. काय काय लिहिलं साहेबानं ते सांग. ही अर्धं गिळते.

खुशालराव : साहेब आदमी बुरा नाई, माय. पन त्याची नजर अशी, का तांदळातला खडा डोळे मिटून काढीन. मागं दसऱ्याले मी गाडीले हार घातला. सारेच घालतात. हार सरकला अन् नंबरावर बसला. त्यानं कागदावर लिहिलं, वाहनाचा क्रमांक झेंडूमुळे दिसत नाही. मी म्हटलं, साहेब, आजच्या दिवस माफ करा, गाडीचा सन हाय. तो म्हने, दसरा होऊन बारा दिवस झाले.

पार्बताबाई : बारा दिवस वाळका हार ठेवला होता गाडीवर?

खुशालराव : काढाची याद नाई राह्यली. मंग वांग्याचं झालं. लढाई लागली तवापासून पेट्रोल भेटत नाई, कोळशाच्या भट्टीच्या ग्यासवर गाडी चालून राहिली. भट्टी येवढी तपते, का वाया कायले घालवाव? बडनेऱ्याहून निंघताना झाकनावर दोन वांगे ठेवले, का माहुलीपर्यंत भाजून तयार. तेही धरलं. चालत्या वाहनात स्वयंपाक, असं लिहिलं. तशी कलमच नाई पुस्तकात, त्यानं सोता सांगतलं. म्हने, कलम नाही म्हणून लिहायचं थांबलो तर उद्या तू पोळ्या लाटशील.

पार्बताबाई : वांगे दोन कावून? तू तर एकटा मानूस.

खुशालराव : भूक लागते, माय.

पार्बताबाई : हो ना. भूक लागते, अन् हिले बुधवारी बडनेऱ्याहून घरी आल्यावर जेवाले नको रायते. अजून काय?

खुशालराव : मागचा दिवा. त्याची लाल काच फुटली, नवी भेटत नाई. म्या साध्या काचेले लाल फडकं बांधलं. दिवा तर लालच दिसते. साहेबानं फडकं सोडून हातात घेतलं, उलटं पाह्यलं, सुलटं पाह्यलं. म्हने, हा लुगड्याचा काठ आहे.

पार्बताबाई : तो काठ मी वळखला. संक्रांतीले मीच घेऊन देल्लं होतं ते लुगडं. इतभर काठ कुठं गेला म्हनून इचारलं, तर म्हने बोरीले अडकला.

तानू : आत्याबाई, पुरे.

पार्बताबाई : आता आजचं सांग. टोपल्याचं कळलं मले. त्याच्या पुढचं.

खुशालराव : पुढचं हेच सांगन.

तानू : पुढं त्यानं कागद काढला. त्याच्यात खाने असतात. नाव, गाव, माल कोनता. सारं लिहून झालं अन् तो थांबला. ह्याइले इचारलं, ही तुझी कोण? तो म्हने, ड्रायव्हरच्या घरचं माणूस असेल तर मालकाची चिठ्ठी घेऊन बसता येतं, मग टोपलीही नको आणि थापाही नको. तसं असेल तर मी आत्ताच लिहितो आणि सोडतो. चांगल्या तोंडानं इचारलं त्यानं, डाफरून नाई.

पार्बताबाई : अन् हा काय बोलला?

तानू : माह्याकडं पाह्यलं.

पार्बताबाई : अन् तू?

तानू : मी भट्टीकडं पाह्यलं.

खुशालराव : मी काय सांगतलं असतं, माय? माह्या तोंडात होतं, पन ते एकट्यानं बोलाची गोष्ट नाई. साहेबानं खाना कोरा ठेवला. म्हने, सोमवारी अमरावतीला ऑफिसात या आणि भरून द्या. आता पुन्हा अशी दिसली तर लायसन जप्त. मी आता काय ठरोलं ते सांगतो. मालकाच्या दोन लायनी हायेत. त्याले म्हनतो, सोमवारपासून मले अकोल्याची दे, कापसाच्या गाठीची. जठारपेठेत एक खोली हाय पाह्यलेली. इकडं जानराव म्हनून डायवर येईन, चांगला हाय, त्याले घरचा रस्ता दाखवून देतो. तुमचं एक संत्रं नाई फुटनार.

तानू : हे रस्त्यात नाई सांगतलं तुमी.

खुशालराव : रस्त्यात तू एक शब्द बोलली काय? माहुली गेलं, नेर गेलं, तू टोपलं मांडीवर घेऊन बसली. तीन वर्सात चारदा इचारलं तुले. दरखेपी म्हनं, संत्र्याचा बहार उतरू द्या. आंब्याबहार उतरला, मृगबहार उतरला. मी नाराज नाई, तानू. पन माह्यापाई कोनी साहेब रस्त्यावर उभं करून तुले इचारते, ते मले नाई पाह्यवत.

पार्बताबाई : चारदा?

खुशालराव : चारदा, माय.

पार्बताबाई : हे मले माहीत नव्हतं. मले वाटे तूच भेतं, खुशालराव, म्हनून इहिरीजवळ थांबतं. तानू, इकडं पाह्य. झाडासाठी थांबली काय तू? पाट लावून दुसरा नवरा केला की पहिल्याच्या जमिनीवरचा हक्क जाते, नव्वद झाडं तुह्या दिराच्या, पंजाबच्या नावावर चढतीन, हे खरं हाय. माह्या पोटचा हाय तो, पन मी खोटं नाई बोलत. तो तुले एक फांदी नाई देनार.

तानू : झाडाचं दुख हाय. लेकरावानी वाढोले ते. घरच्या ह्यांनी खड्डे खंदले अन् पानी पडाच्या आधी वारले, कलमा मी लावल्या. पन झाडासाठी नाई थांबली मी.

पार्बताबाई : मंग?

तानू : तुमी रात्री उठता अन् माह्या खाटेकडं पाह्यता. मी हाय का नाई ते.

पार्बताबाई : जागी असतं काय तू?

तानू : हो.

पार्बताबाई : लेक गेला तवापासून सवय लागली ते. म्हातारपनाची सवय हाय, तिच्यावर घर नाई बांधत कोनी. मले वाईट वाटन, नाई कशाले म्हनू. महिनाभर मी कोनासंग धड बोलनार नाई. पंजाबची बायको भाकर जाड करते, तेही खाईन. पन मी मंगळवारी ते दोन संत्री तोडून टोपल्यात टाकले, ते का तू माह्याजवळ बसून राह्यशीन म्हनून टाकले काय?

तानू : आत्याबाई...

पार्बताबाई : मी येवढंच करू शके. बोलाची हिंमत मलेही नाई झाली. आपल्यात सासरच्यानं आपून होऊन सुनेच्या पाटाची गोष्ट काढली, का लोक म्हनतात सून जड झाली हिले. तू काढशीन म्हनून मी वाट पाहून राहिली, अन् तू बहार मोजून राहिली.

खुशालराव : मी निंघतो, माय. भट्टी थंडी होईन. तुमी दोघी बोला.

तानू : बसा.

खुशालराव : तानू, जबरदस्ती नाई कोनाची. अकोला काई दूर नाई.

तानू : बसा म्हटलं ना. तीन वर्स इहिरीजवळ उभे राह्यले, आता ओट्यावर बसा. हात काळे असले तरी.

पार्बताबाई : बस गा. ती सांगते तवा आयकाव.

तानू : आत्याबाई, पंजाबरावाले मळ्यातून बोलवा.

पार्बताबाई : आत्ता? पानी देऊन राहिला असन तो. काय सांगू त्याले?

तानू : तुमी नका सांगू. तुमच्यावर बोल नको. मी सांगन. मले खुशालरावाइसंग पाट लावाचा हाय.