ज्याच्या त्याच्या पुढ्यात

सेनाबू : ...आणि तुझे सासरे वाळूवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात परात. पहाटे गल्लीत पैगंबरांची कवनं चालली होती ना, तोच सूर तिथंही. लाटाच गात होत्या म्हण ना. मला म्हणाले, "सेनाबू, ये. तुझी जागा ठेवलीय."

कोदू : आई, गेलेल्या माणसाच्या परातीत स्वप्नातसुद्धा जेवू नये. जेवलात का?

सेनाबू : हात घालणार, तोच तुझा मेंढा ओरडला.

कोदू : अल्लाची कृपा! आज त्याला पाला जास्त.

सेनाबू : हसू नको, सूनबाई. तिथं जागा तरी होती. इथं? ईद झाल्यापासून तुम्ही सगळे एका परातीत, नि मला कोपऱ्यात वेगळी वाटी. मी नाही जेवणार.

कोदू : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? अंगठा गेलाच. साखर अशीच राहिली, तर पाऊल जाईल.

सेनाबू : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. अगं, माझ्या माहेरी, वर नदीकाठी, भात सणालासुद्धा नसायचा. बाजरीच्या कण्या, शेवग्याचा पाला, वर ताक. मग बोटीतून तांदूळ आला. पाठोपाठ तेलाचे डबे, कालवणात टाकायच्या चवीच्या वड्या, चहात मूठमूठ साखर. आणि पुरुष होडीला मोटर लावून बसले, वल्हं विसरले. आता घरटी एक दुखरा पाय.

कोदू : तिकडे परदेशात, मार्सेल शहरात राहणाऱ्या भावजींनाही तेच. जगभर हेच चाललंय म्हणे. मग खा ना त्याच कण्या!

सेनाबू : खाईन की. पण एकटी? कोपऱ्यात वाटी घेऊन कोण जेवतं? वाळीत टाकलेला, नाहीतर वेडा. आणि मासा? या घरात मासा मी तोडते, कोदू. कुणाचं तोंड उतरलंय बघते नि तुकडा त्याच्या पुढ्यात सारते. तू बाळंतीण होतीस, तेव्हा माशाचं डोकं कुणाकडे आलं?

कोदू : माझ्याकडे.

सेनाबू : तो हातच काढून घेतलात तुम्ही. पाऊल जायचं तर जाऊ दे. कुबडी घेईन.

कोदू : असं बोलू नका हो... आई, परातीत दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही ना?

सेनाबू : हे काय विचारणं? शेंबडं पोरही जाणतं.

कोदू : मग तुमच्या पुढ्यात भात वाढायचाच कशाला?

(दुपारी अंगणातल्या चटईवर परात आली. लाल भात, मधोमध अख्खा मासा. आणि सेनाबूच्या बाजूला, चतकोर भाकरीएवढ्या जागेत, कण्या नि शेवग्याचा पाला. होडी लावून आलेला तिचा लेक बिराम हात धुऊन टेकला.)

बिराम : हे काय? परातीला ठिगळ?

कोदू : आईंचा भाग आहे तो.

बिराम : आणि पाहुणा आला तर? काय म्हणेल?

कोदू : पाहुण्याचं लक्ष माशावर असतं.

सेनाबू : बिस्मिल्ला. बिराम, सरक जरा, हात पोचत नाही. हं. हा तुला. कोदू, गालाचा तुकडा तुझा. सकाळपासून चुलीपाशी आहेस.

कोदू : आणि तुम्ही?

सेनाबू : जेवतेय की. मीठ कमी घातलंस... पण माहेरची चव आहे गं.

बिराम : वास तर झकास सुटलाय. आई, एक घास...

सेनाबू : हात मागे घे. मी सारते ना.