तिसरी हाक

ऐका. आणि अधूनमधून हुंकार द्या, म्हणजे जागे आहात हे मला कळेल.

दौलूआबा शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरले. अंधार पडून गेलेला. डोक्यावर काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात मुलाचं नाव आणि नंबर. हिंदुराव लढाईत गेला. बाविसावं सरलं नव्हतं. देह सापडला नाही; पलटणीनं पेटी तेवढी धाडली. ती आणायला आबा तालुक्याला गेले होते.

"आबा, आज हितंच पडा," फाट्यावरचा चहावाला म्हणाला. "हिरीची वाट रातची बरी न्हाई. चकवा हाय."

"घरी म्हातारी बसलीया वाट बघत. आन् माझं आता काय न्यायचं ऱ्हायलंय त्याला?"

निघाले. बाभळी मागे पडल्या. आणि मागून बुटांचा आवाज! खट, खट. आबा थांबले की तो थांबे. चालले की चाले. मागं वळून बघायचं नसतं, ठाऊक आहे ना? आबांनाही ठाऊक होतं.

मग पेटी हलकी झाली. अहो, एवढी जड पेटी, पिसासारखी! मागून कुणीतरी हात लावला होता. हिंदुराव सुट्टीवर आला की असाच, न सांगता, बापाच्या डोक्यावरच्या भाऱ्याला हात लावायचा.

"आबा!"

त्याचाच आवाज. आबांच्या ओठांवर ओ आली. त्यांनी ती गिळली. रात्री तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी मारतो तो जिवंत माणूस.

"आबा, चला की बिगीबिगी. आई जेवायची थांबलीया."

दोन झाल्या.

आबा जागच्या जागी उभे राहिले. तिसरी आली की वळायचं. पोराला पोटाशी धरायचं. 'मार रं,' मनातल्या मनात म्हणत राहिले. 'एकदाच मार.'

पेटी हळूहळू जड झाली. मान भरून आली. फटफटलं तेव्हा दिसलं, पावलापुढं वीतभर जमीन आणि खाली विहीर. कठडा नसलेली.

वाचले. तिसऱ्या हाकेसाठी थांबले म्हणून वाचले.

तेव्हा बाबांनो, त्या वाटेनं रात्री जाऊ नका. गेलातच, आणि विहिरीपाशी कुणी म्हातारा डोक्यावर काळी पेटी घेऊन उभा दिसला, तर भिऊ नका. ते दौलूआबाच. रोज जातात. लांबून वळा.

हाक तेवढी मारू नका.