बल्गार मूळचे कोणाचे?

यार, हजार वर्षांचं जुनं भांडण अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या घराच्या डेकवर मिटलं, आणि तेही बाबांनी मिटवलं!

ऑफिसच्या टीमला बार्बेक्यूला बोलावलं होतं. तुर्कस्तानचा एम्रे बल्गेरियाच्या पेतरला सहज म्हणाला, "तुमचे मूळचे बल्गार म्हणजे आमच्यासारखेच तुर्की वंशाचे, घोड्यांवरून आलेले."

पेतर भडकला. "आम्ही स्लाव्ह आहोत! उलट तुमच्यातच निम्मे आमचे आहेत."

झालं! ग्रिलवरची कणसं जळून कोळसा झाली, तरी दोघं थांबेनात.

बाबा तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. तलाठी म्हणून रिटायर झालेत, त्यामुळे जन्मभर वाटणीची भांडणंच ऐकली. मला म्हणाले, "त्यांना विचार, दही पहिलं कोणी लावलं?"

मी विचारलं.

"आम्ही!" दोघं एकदम ओरडले.

बाबांनी निकाल दिला. "सख्खे भाऊबंद आहेत. परक्याशी कोणी एवढं जीव तोडून भांडत नाही. म्हणावं, गळाभेट घ्या."

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. दोघं आधी ओशाळले, मग हसले, आणि खरंच गळ्यात पडले.

मला वाटलं, हीच वेळ आहे. शेताच्या बांधावरून बाबा त्यांच्या धाकट्या भावाशी, आमच्या अण्णाकाकांशी, बावीस वर्षं बोललेले नाहीत. म्हटलं, "बाबा, उद्या सकाळी अण्णाकाकांना व्हिडिओ कॉल लावू?"

बाबांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"तो? तो मूळचा आमच्यातला नाहीच."