चुन्याच्या रेघांचं घर

कॉफी घ्या, सांगते. आमचे हे आर्किटेक्टची फी द्यायलाच तयार नव्हते. तंजावूरबाहेर कालव्याकाठी आमचा प्लॉट. तिथं मलरनं, म्हणजे आमच्या आर्किटेक्टनं, चुन्याच्या रेघांनी अख्खं घर आखलं आणि ठरलेला पहिला हप्ता मागितला.

हे म्हणाले, "अजून एक वीट नाही. घर कुठं आहे, म्हणून पैसे देऊ?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. दाराच्या जागी चपला काढून आत येऊन बसल्या. "हॉलमध्ये वारा बरा येतो गं," म्हणाल्या. त्यांचं बघून आम्हीही चपला काढल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खिडकी असणार होती तिथून भाताची हिरवी शेतं डोलताना दिसत होती. बघतच राहिले.

मग हे पाण्याची बाटली आणायला निघाले. स्कूटर समोरच, रेघेच्या पलीकडं उभी होती. तरी हे हॉलमधून वळसा घालून दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मलर म्हणाली, "सार, सरळ का नाही गेलात?"

"मध्ये भिंत नाही का?" हे म्हणाले, रेघेकडं बघत राहिले, आणि मुकाट्यानं फोन काढून तिची फी पाठवली.